अर्धा तास बोलण्यासाठी

प्रति,
शेंद्रा एमआयडीसी आणि ऑरिक औद्योगिक शहरातल्या कारखान्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख,
शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, छत्रपती संभाजीनगर,
प्रादेशिक विद्या प्राधिकरण आणि जिल्ह्यातल्या आयटीआयचे प्राचार्य
यांस,



मी शेंद्र्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. सुट्टीच्या संध्याकाळी कुंभेफळ, लाडगाव, करमाडकडची काही मुलं-मुली माझ्याकडे इंग्रजी बोलण्याच्या सरावाला येतात. कुणी आयटीआय केलेलं, कुणी बीएस्सी झालेलं, कुणी बारावीनंतर थेट लाईनवर उभं राहिलेलं. त्यांच्यासोबत बसून जे दिसलं ते तुमच्यापर्यंत पोहोचवायचं आहे, कारण त्यातलं जवळजवळ सगळं तुमच्या हातात आहे. या मुलांना इंग्रजी येत नाही, असं आपण सर्रास म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. इंग्रजी बोलून बघायला त्यांना आजवर कुणी वेळच दिला नाही. शाळेने दिला नाही, आयटीआयने दिला नाही, कारखानाही देत नाही. तो वेळ मी मागते आहे. शिफ्टमधला, पगारी, आठवड्यातून दोनदा अर्धा तास.

ऑडिटचा दिवस आठवा. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांना आयएटीएफ 16949 चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी येणारा ऑडिटर नुसत्या फाइली चाळून जात नाही. तो लाईनवर येतो आणि मशीनवर उभ्या असलेल्या माणसालाच विचारतो. ग्राहक कंपन्यांची माणसं येतात तेव्हाही हेच होतं. असाच एक परदेशी पाहुणा आला असताना त्याने एका ऑपरेटरला विचारलं, ‘व्हॉट डू यू डू इफ यू फाइंड अ डिफेक्टिव्ह पार्ट?’ साधा प्रश्न. उत्तर त्या मुलाच्या हाताला पाठ होतं. पार्ट लाल ट्रेमध्ये ठेवायचा, टॅग लावायचा, मशीन थांबवायचं, सुपरवायझरला बोलवायचं आणि त्याआधी निघालेले पार्ट परत तपासायचे. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने कडेला राहिलेली केसाएवढी बर, म्हणजे धातूची कूस, पकडून अख्खा लॉट अडवला होता. पण त्या क्षणी तो जमिनीकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागून सुपरवायझर पुढे आला आणि त्याच्या वतीने बोलून मोकळा झाला. पाहुण्याने वहीत लिहिलं की ऑपरेटरला प्रक्रियेची माहिती नाही.

ती नोंद चुकीची होती. माहिती त्या मुलाइतकी त्या लाईनवर कुणालाच नव्हती. पुढे लाईन लीडरची जागा निघाली तेव्हा त्याचं नाव मागे पडलं. कारण विचारलं तर ‘कम्युनिकेशन कमी आहे’ एवढंच उत्तर आलं.

त्याला त्या दिवशी काय बोलायचं होतं ते आम्ही नंतर एका संध्याकाळी कागदावर लिहून काढलं. ‘आय कीप इट इन द रेड ट्रे. आय स्टॉप द मशीन. आय कॉल माय सुपरवायझर.’ यातला एकही महत्त्वाचा शब्द त्याला नवा नव्हता. ‘मशीन स्टॉप कर, सुपरवायझरला कॉल कर, रेड ट्रेत टाक,’ हे तो मराठीत बोलतानाही दिवसातून दहा वेळा म्हणतो. शिकायचा होता तो फक्त शब्दांचा क्रम, आणि अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून पहिला शब्द उच्चारायचा धीर. क्रम त्या संध्याकाळीच जमला. धीराला थोडे आठवडे लागले. आता तो न अडखळता बोलतो असं मी म्हणणार नाही, पण अडखळला तरी थांबत नाही.

शिक्षण खात्याच्या मंडळींना आधी काही विचारायचं आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तो निर्णय मला योग्यच वाटतो. खेड्यातल्या मुलाला पाचवीपर्यंत इंग्रजीपासून लांब ठेवायचं आणि शहरातल्या मुलाने बालवाडीपासून शिकायचं, हा अन्याय त्याने थोडा तरी कमी केला. त्या पहिल्या तुकडीने 2010 साली दहावी दिली. म्हणजे आज शेंद्र्याच्या लाईनींवर तिशीच्या आतबाहेरचा जो जो मराठी शाळेतला कामगार आहे, तो दहा-दहा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसलेला आहे. दहा वर्षांत त्याने धडे वाचले, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवली, व्हॉइस बदलला, डायरेक्टचं इनडायरेक्ट केलं. त्या सगळ्या तासांत स्वतःच्या मनातलं एखादं वाक्य त्याने मोठ्याने कधी म्हटलं का, हा प्रश्न मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. बहुतेकांना आठवून आठवून आठवते ती ‘मे आय कम इन, सर?’ एवढीच ओळ.

दहावीला इंग्रजीचे 80 गुण लेखी आणि 20 गुण तोंडी-अंतर्गत असतात. 2018-19 मध्ये भाषांचे हे 20 गुण बंद केले गेले. 2019 चा निकाल 77.10 टक्क्यांवर आला, त्याआधीच्या वर्षी तो 89.41 होता. गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. त्या गदारोळात निकाल किती घसरला यावर सगळे बोलले. तोंडी परीक्षेत मुलं खरंच तोंड उघडतात का, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझ्याकडच्या मुलांच्या आठवणीतली तोंडी परीक्षा म्हणजे कुणी कविता म्हणून दाखवली, कुणी पुस्तकातला परिच्छेद वाचला, काहींना तर ती कधी झाली हेच ठाऊक नाही, गुण मात्र सगळ्यांना भरघोस. वर्गात 60 मुलं धरा. प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं तर 300 मिनिटं लागतात, म्हणजे नऊ तासिका. वर्षभरात नऊ तासिका निघत नाहीत, हे कुठल्या शिक्षणाधिकाऱ्याला मान्य होईल? या पाच मिनिटांत पुस्तक बंद असावं. शेतात काय पेरलंय, बस किती वाजता येते, काल क्रिकेटमध्ये काय झालं, एवढंच विचारावं. मुलाने काळ चुकवला तरी चालेल, अर्थ पोहोचला की गुण द्यावेत. परीक्षेत जे विचारलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, हे आपल्या शाळांचं वास्तव आहे. मग त्याच वास्तवाचा फायदा घेऊ या.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीत 2023 साली देशातल्या निवडक ग्रामीण भागांतल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 57 टक्क्यांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि वाचू शकणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थही सांगता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांपाशी वाचनाचा पाया आहे. त्यावर बोलणं उभं करायचं राहून गेलं आहे.

यात शिक्षकांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं उरकून शिक्षक वर्गात येतो, आणि त्याला स्वतःला इंग्रजी बोलायला तरी कुठे जागा आहे? गावात तो बोलणार कुणाशी? हे ओळखून 2016 साली राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘तेजस’ नावाचा उपक्रम सुरू केला होता. त्यात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र जमत, वर्गात वापरायच्या गोष्टी आपसात करून बघत, आणि बोलत. या उपक्रमाची राज्याची बाजू सांभाळणारं प्रादेशिक विद्या प्राधिकरण आपल्याच शहरात आहे. राज्याच्या इंग्रजी शिक्षणाची जबाबदारी वाहणारी संस्था जिथे आहे, तिथून शेंद्रा अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. प्राधिकरणातल्या तज्ज्ञांनी एकदा आमच्या कॅन्टीनमध्ये येऊन बसावं आणि कामगाराला दिवसभरात कुठली इंग्रजी वाक्यं लागतात ते ऐकावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. आयटीआयच्या एम्प्लॉयबिलिटी स्किल्स या विषयात बेसिक इंग्लिशचा भाग आहे. त्याला शेंद्र्यातल्या, वाळूजमधल्या कारखान्यांतली खरी वाक्यं मिळाली तर त्या तासाला मुलं मागच्या बाकावर डुलक्या घेणार नाहीत.

भाषा शिकायची कुवत आमच्या मुलांत नाही, असं कुणाच्या मनात असेल तर त्यांनी गाडीवाटला जावं. शहरापासून साधारण 25 किलोमीटरवरचं हे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने 2019 मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं की तुम्हाला कुठली परदेशी भाषा शिकायची आहे. बहुतेकांनी जपानी सांगितली, कारण त्यांना रोबोटिक्समध्ये रस होता. हाताशी ना पुस्तक, ना जपानी जाणणारा शिक्षक. शाळेने इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अॅप्स यांच्या आधारे सुरुवात केली. पुढे शहरातल्या एका भाषातज्ज्ञाने विनामूल्य ऑनलाइन तास घेतले. मुलं एकमेकांशी जपानीत बोलू लागली. मला यात सगळ्यात मोलाचं हे वाटतं की त्या मुलांना जपानीची भीतीच नव्हती. जपानीत नापास झालेला मोठा भाऊ घरात नव्हता, आणि ‘जपानी येत नाही म्हणून नोकरी गेली’ असं कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. इंग्रजीभोवती आपण जी धास्ती उभी केली आहे ती काढून टाकली की भाषा किती सोपी होते, हे त्या शाळेने दाखवलं.

आणि मराठवाड्याला भाषांची भीती कधीपासून वाटायला लागली? मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचं शिक्षणसुद्धा उर्दूतून होतं. आमचे आजे-पणजे घरी मराठी बोलून उर्दूत शिकले, अर्ज-फाटे उर्दूत करत राहिले. आजही जाधववाडीच्या मार्केटमध्ये भाजी घेऊन बसणारी बाई गिऱ्हाईक बघून मराठीवरून हिंदीवर येते, शाळेची पायरी न चढता. तांड्यावरून आलेला मुलगा घरी गोरमाटी बोलतो, गावात मराठी, लाईनवर बिहारच्या जोडीदाराशी हिंदी. तीन भाषा तर तो रोजच बोलतो! त्या तिन्ही भाषा त्याला वापरून आल्या. हिंदी चुकली म्हणून त्याला कुणी हसलं नाही, कुणी परीक्षा घेतली नाही, आणि बोलल्याशिवाय भागणारच नव्हतं. चौथ्या भाषेच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

उलट वाट्याला आलं ते हसणं. गावात मित्रांसमोर इंग्रजीत एक वाक्य टाकलं की ‘लई शाना झाला का बे’ म्हणून टप्पल बसते. कारखान्यात चुकीचं वाक्य गेलं की ते महिनाभर चहाच्या टेबलावर फिरतं. हे हसणं वरवर गमतीचं असलं तरी माणूस त्याने कायमचा गप्प होतो. सुपरवायझर आणि शिफ्ट इंचार्ज मंडळी, हे थांबवणं फक्त तुम्हालाच शक्य आहे. तुम्ही स्वतः चारचौघांत मोडकंतोडकं बोललात तर खालच्या माणसाला धीर येईल.

शेंद्र्यातलं इंग्रजी हे काही लंडनचं इंग्रजी नव्हे. श्कोडा इथे 2001 पासून आहे, ती झेक. ऑरिकमधली ह्योसंग कोरियन, लीबहेर मूळची जर्मन. पर्किन्स तेवढी मूळची ब्रिटिश. बाकीच्या देशांमधून येणारे बरेच इंजिनिअर इंग्रजी आमच्यासारखेच शाळेत शिकून आलेले असतात. इंग्रजीत नामाआधी जे ‘अ’ आणि ‘द’ लावावे लागतात, ते झेक भाषेत नाहीत, कोरियनमध्ये नाहीत आणि मराठीतही नाहीत. त्यामुळे प्रागचा इंजिनिअर आणि करमाडचा फिटर बोलताना बहुधा एकाच जागी चुकतात. प्रागचा माणूस चुकतो आणि पुढे बोलत राहतो. त्याला कुणी ‘कम्युनिकेशन कमी’ असा शेरा दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या सरावात मी व्याकरणाआधी एक वाक्य शिकवते, ‘सॉरी, प्लीज से इट अगेन, स्लोली.’ मराठीत आपण दिवसातून कितीदा तरी ‘काय म्हणालात?’ विचारतो आणि त्यात कमीपणा वाटत नाही. इंग्रजीत मात्र न कळलेलं कळलं असं दाखवून मान डोलावली जाते, आणि कारखान्यात अशी मान डोलावणं धोक्याचं असतं. चुकीचं सेटिंग लागतं, चुकीचा लॉट जातो, कधी बोटावर बेततं. ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे हे एकदा पटलं की निम्मी भीती तिथेच उतरते. त्यानंतर ‘वन मिनिट, आय विल चेक अँड टेल यू.’ मग फोनवरचं ‘ही इज ऑन लीव्ह टुडे, मे आय टेक अ मेसेज?’ मग ‘डोन्ट टच, द मशीन इज ऑन!’ एकेक वाक्य दोघा-दोघांनी समोरासमोर बसून, आवाज चढवून, इतकं म्हणायचं की ते आठवावं लागू नये. एक मुलगी पहिल्या दिवशी ओढणीचं टोक पिळत बसली होती. फोनचं वाक्य तिने आधी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, मग मैत्रिणीकडे बघून, मग उभं राहून सगळ्यांसमोर. आता रिसिव्हिंग गेटवर ट्रान्सपोर्टवाल्यांचे आणि बाहेरच्या राज्यांतल्या पुरवठादारांचे फोन तीच घेते.

आता तुम्ही म्हणाल की शहरात स्पोकन इंग्लिशचे इतके क्लास आहेत, मुलांनी तिथे जावं. मुलं जातात. औरंगपुऱ्यात, टीव्ही सेंटरला पैसे भरतात. पहिला आठवडा फर्स्ट शिफ्ट असते तोवर संध्याकाळचा क्लास होतो. दुसऱ्या आठवड्यात सेकंड शिफ्ट लागते, क्लास बुडतो. नाईटचा आठवडा आला की डोळे उघडे राहत नाहीत. महिन्याभरात फी बुडते आणि ‘आपल्याला इंग्रजी जमतच नाही’ हा समज पक्का होतो. मुलींचं त्याहून अवघड. कंपनीच्या बसने घरी पोहोचल्यावर परत शहरात जाऊन रात्री परतणं त्यांच्या घरी कोण चालवून घेणार? म्हणून हा वर्ग शिफ्टमध्ये, कारखान्यातच हवा. आणि त्यात ठेकेदारामार्फत आलेली मुलं कायम कामगारांच्या बरोबरीने बसली पाहिजेत. आज ट्रेनिंगचं नाव निघालं की सर्वांत आधी तीच वगळली जातात.

यासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न निघणार. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्यं स्पष्ट शब्दांत लिहिली आहेत. गावातल्या शाळांसाठी आणि अजून नोकरीला न लागलेल्या मुलांसाठी तो पैसा वापरा. शाळांना रंग दिलात, बाकं दिलीत, त्याबद्दल आभारच. आता बोलायला माणूस द्या. स्वतःच्या कामगारांसाठी मात्र तो निधी चालणार नाही, तिथे शिफ्टमधला वेळच द्यावा लागेल.

मनात आणलं तर सरकारलाही भाषा बोलायला शिकवणं जमतं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि इच्छुक तरुणांना जर्मन शिकवण्याचा भार सरकारने उचलायचं ठरवलं. जर्मनच्या परीक्षांमध्ये प्रत्येक पातळीवर बोलण्याची वेगळी चाचणी असते, त्यामुळे शिकवणाऱ्याला बोलून घ्यावंच लागतं. जर्मनीतल्या नोकरीसाठी बोलणं शिकवायला हवं हे आपल्याला कळतं. मग शेंद्र्यातल्या नोकरीसाठी ते मुलाने आपलं आपण कुठूनतरी शिकून यावं, अशी अपेक्षा का?

भरतीच्या जाहिराती लिहिणाऱ्यांना एक वेगळी विनंती. ज्या कामात इंग्रजी लागत नाही तिथे ‘फ्लुएंट इंग्लिश’ लिहू नका. व्हर्नियर वाचता येतो का, ड्रॉइंग कळतं का, हे मराठीत किंवा हिंदीत विचारा. मुलाखतीचं पहिलंच वाक्य ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ असलं की तो पोरगा आधी क्लासमध्ये पाठ केलेलं घडाघड म्हणतो, आणि दुसऱ्या प्रश्नाला त्याची दातखीळ बसते. त्याला काय काम येतं ते तुम्हाला कळतच नाही. इंग्रजी लागत असेल तिथे ते कामावर घेतल्यानंतर सहा महिन्यांत शिकवू, असं लिहा आणि शिकवा.

शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिकची जमीन सुमारे 10 हजार एकर आहे. त्यासाठी आमच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या प्रकल्पासाठी सुमारे 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला, आणखीही कंपन्या येत आहेत. जमीन दिलेल्या घरातला मुलगा त्याच जमिनीवरच्या कारखान्यात गेटवर आणि लोडिंगला राहणार, की कंट्रोल रूममध्ये बसून बाहेरच्या माणसाशी बोलणार, हे येत्या दोन-चार वर्षांत ठरेल.

सुरुवात लहान असली तरी चालेल. एका कारखान्याने एक लाईन निवडावी, आठवड्यातले दोन अर्धे तास द्यावेत, शिकवायला त्याच कारखान्यातला बोलता येणारा सहकारी द्यावा आणि परदेशी पाहुणा आला की त्याला अर्धा तास मुलांसोबत चहाला बसवावं. ऑरिक हॉलमधली एखादी खोली रविवारी आसपासच्या गावांसाठी उघडी ठेवावी. जिल्हा परिषदेने शेंद्रा, कुंभेफळ आणि करमाड परिसरातल्या शाळांमध्ये यंदाची तोंडी परीक्षा खरोखर घ्यावी आणि मुलं काय बोलली ते प्राधिकरणाला कळवावं. आमच्या मुलांनी कामावर लागणाऱ्या वाक्यांची एक वही केली आहे, देवनागरीत इंग्रजी आणि खाली मराठी अर्थ. तिची प्रत या पत्रासोबत जोडते आहे. ती तपासा, दुरुस्त करा, हवी तितकी छापा. पहिला वर्ग कोणत्या लाईनवर आणि कोणत्या शिफ्टला ठेवता ते कळवा. त्या वेळी मी हजर राहीन.

आपली,
शेंद्रा एमआयडीसीतली एक क्वालिटी इन्स्पेक्टर